आत्याचे गुण कोणी कापले?

रामबागेतल्या आमच्या आत्याला स्मरणचाचणीत 30 पैकी 19. तारीख विचारली, तिने तिथी सांगितली, अगदी बरोबर, गुण शून्य! शंभरातून सात-सात वजा करा म्हणे, तेही भराभरा हिंदीत. दूधवाल्याचा हिशोब आजही मनातल्या मनात मराठीत करणारी बाई, गडबडणारच.

मग एमआरआय. 'मेंदू आकसलाय.' अहो, 82व्या वर्षी कोणाचा नाही आकसत? गाठ, रक्तस्राव दिसावा म्हणून फोटो जरूर काढा. पण एवढ्यावरून घरच्यांनी तिच्याकडून किल्ल्या काढून घ्याव्यात?

1975 सालची ही अमेरिकन चाचणी बल्लभगढच्या निरक्षरांसाठी हिंदीत बदलून घ्यावीच लागली ना? मग इंदूरच्या मराठी म्हातारीची मराठीतच घ्या की! आणि तिचं बी-12, थायरॉइड अजून कोणी तपासलेलं नाही.