जुगाडाचे कौतुक पुरे!

(द्वितीय वर्ष, कला)

यंदा आपल्या महाविद्यालयात झालेल्या वक्तृत्व स्पर्धेचा एक विषय 'जुगाड : भारतीय प्रतिभेचे लेणे' असा होता. ज्या मित्राला पहिले पारितोषिक मिळाले तो फारच छान बोलला. २०१२ साली इंग्रजीत 'जुगाड इनोव्हेशन' नावाचा ग्रंथ निघाला, जगभरच्या कंपन्या आता आपल्याकडून ही कला शिकू पाहत आहेत, हे त्याने सांगितले तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. पण घरी जाताना मन खात होते. त्याच्या भाषणात एक वाक्य होते, "आपला अडाणी मिस्त्रीसुद्धा तारेच्या तुकड्यावर गाडी चालती करतो!" माझे वडील मिस्त्री आहेत. कराड-पाटण रस्त्यावर त्यांचे गॅरेज आहे. शाळा त्यांनी चौथीत सोडली. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. आणि अण्णांनी तारेच्या तुकड्यावर गाडी चालती केलेली मी आजवर पाहिलेली नाही. ते काम मी केले होते. त्याचीच ही हकीकत.

आमच्या गॅरेजात एक जुनी विलिस जीप येते. दुसऱ्या महायुद्धात विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. त्यांतलीच ही एक. मालकांच्या आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली, आता मळ्यात आणि सणावारी गावात फिरणारी. या जीपच्या पाट्यांचे एक टोक खिळीवर बसवलेले असते आणि दुसरे इंग्रजी यू अक्षरासारख्या शॅकलला टांगलेले असते. खड्ड्यात चाक गेले की पाटा लांबतो, आणि त्याला पुढेमागे व्हायला शॅकल वाव देते. विशेष असे, की या शॅकलच्या दोन्ही पायांना आटे असतात आणि त्यांवर आट्यांचेच बुश चढवलेले असतात. म्हणजे गाडीचा भार पेलायचा तो आट्यांनी, आणि हलायचेही त्यांनीच! लोखंडावर लोखंड. मध्ये असते ते फक्त ग्रीस, आणि ते आत जायची वाट म्हणजे बुशाच्या डोक्यावरचे निपल. निपल म्हणजे शेंगदाण्याएवढी वस्तू. आत एक बारीक गोळी आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग. गनच्या दाबाने गोळी आत सरते, ग्रीस जाते. दाब सुटला की गोळी तोंड बंद करते, चिखल-पाणी आत जात नाही. या गाड्यांना दर हजार मैलांनी, म्हणजे सुमारे सोळाशे किलोमीटरांनी ग्रीस मारावे असा मूळचा दंडक आहे.

मी पंधरा वर्षांचा असताना अण्णा सामान आणायला कराडला गेले होते आणि मालक घाईत होते. ग्रीस मारताना पाना सटकून पुढच्या डाव्या शॅकलच्या बुशाचे निपल मोडले. दुसरे निपल कपाटात होते की नाही, हेही मी पाहिले नाही. मोडका तुकडा उकरून काढला आणि भोकात एक बोल्ट ठोकून बसवला. मालक वाकून बघत होते. "पोरगं डोकेबाज आहे हो!" असे म्हणून त्यांनी मला वीस रुपये दिले. अण्णांना मी काही सांगितले नाही. यात एवढेच असते तर पोरवय म्हणून सोडून देता आले असते. पण पुढची चार वर्षे त्या जीपखाली ग्रीसगन घेऊन मीच शिरत होतो, आणि दर खेपेला तेवढा एक बुश हळूच वगळत होतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालक तक्रार घेऊन आले. खड्ड्यात पुढून ठक्क असा आवाज येतो, स्टिअरिंग धरवत नाही. दिवाळीनंतर घरच्या मंडळींना घेऊन कुंभार्ली घाटाने कोकणात उतरायचा त्यांचा बेत होता. अण्णांनी पहार लावून पाटा हलवला. शॅकल बोटभर खुळखुळले. चेसी जॅकवर घेऊन चाक काढले, जुन्या आट्यांवर डिझेल सोडून रात्रभर मुरू दिले आणि सकाळी बत्तीने गरम करून बुश सोडवला. आतले आटे पार झिजून वस्तऱ्याच्या धारेसारखे झालेले. ग्रीसचा टिपूस नाही, नुसती तांबूस पूड. उरलेल्या निपलांपैकी दोन घट्ट मेणासारख्या वाळलेल्या ग्रीसने बुजली होती. ती रॉकेलमध्ये टाकून, तारेने गोळी मोकळी करून चालती झाली. मग अण्णांनी त्या बुशातला बोल्ट काढून तळहातावर घेतला. तो आमच्याच डब्यातला होता हे त्यांना ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"कधी?" त्यांनी विचारले. मी सांगितले. "आणि ग्रीस?" मी गप्प. ते रागावले नाहीत. "घाटात रात्री निपल मोडलं असतं आणि तू बोल्ट मारून गाडी घरी आणली असतीस, तर तुला शाबासकी दिली असती. हे तर गॅरेजात केलंस लेका," एवढेच म्हणाले आणि कामाला लागले.

मला वाटते, जुगाडाचा गौरव करणारे नेमका हाच फरक विसरतात. अडचणीत केलेली सोय ही सोयच असते. तिचे आयुष्य घरी पोचेपर्यंतचे. तिच्यावर टाळ्या पडू लागल्या की ती तशीच राहते, आणि तिच्या आड कोणीतरी चार वर्षे काम चुकवत असतो. गरिबीमुळे जुगाड करावे लागते, असेही म्हणतील. पुष्कळदा खरे आहे, ते मी घरात पाहिले आहे. पण निपलची किंमत दोन कप चहाएवढीही नसते. मला पैसे कमी पडले नव्हते. कंटाळा आला होता, आणि वर बक्षीस मिळाले होते.

दुसरी गोष्ट अधिक बोचते. अडाणी मिस्त्रीच्या जुगाडाचे कौतुक करताना त्याच्यापाशी विद्या नाही, नुसती युक्ती आहे, असे आपण गृहीत धरतो. मालकांकडे विलिसच्या दुरुस्ती-पुस्तिकेची झेरॉक्स प्रत होती. मी शब्दकोश घेऊन ती अण्णांना वाचून दाखवू लागलो. चार शॅकलांचे मिळून आठ बुश, त्यांतल्या सहांना सुलटे आटे व दोघांना उलटे. उलट्या आट्याच्या बुशाच्या षट्कोनी डोक्यावर खाच फिरवलेली असते. अण्णांनी खिशातून बुश काढून खाच दाखवली. पुढे लिहिले होते, की वरचा आणि खालचा बुश आळीपाळीने थोडाथोडा आवळावा, शेवटी पाट्याकडच्या बुशाच्या डोक्यामागे इंचाचा बत्तिसावा भाग फट राहावी. अण्णा म्हणाले, "हॅक्सॉचं पातं सैल जाईल एवढी. म्हणजे शॅकल झुलतं." नवा बुश जुन्या झिजल्या शॅकलवर चढवू नये, दोन्ही बदलावीत, ग्रीस भरताना पाट्यावरचा भार काढावा, म्हणजे दाबल्या बाजूलाही ग्रीस पोचते, सीलमधून नवे ग्रीस डोकावेपर्यंत गन थांबवू नये. यांतले एकही त्यांना नवे नव्हते. याला युक्ती कसे म्हणावे?

पहिल्या वर्षी मी नखांतले काळे ग्रीस जाईपर्यंत वर्गात हात बाकाखाली ठेवत असे, हेही येथे लिहून टाकतो. प्राध्यापकांनी कधी विचारले नाही. मीच लपवत होतो.

नवे शॅकल बसले, मालक कोकणात जाऊन आले. वीस रुपये मी परत देऊ केले, ते हसून नको म्हणाले. हा लेख अण्णांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी मला उलट्या आट्यांपाशी थांबवले. "पाना कुठल्या अंगाला फिरवायचा ते लिही की. नाहीतर वाचून कुणीतरी बुश मोडायचा." म्हणून लिहितो : उलटा आटा उजवीकडे फिरवला की सुटतो.