शिशाचा छरा व शिकाऱ्यांच्या सबबी

शिकार करावी कीं न करावी, हा जुना वाद आज आम्ही उकरून काढीत नाहीं. आमचा प्रश्न त्याहून लहान, पण अधिक टोचणारा आहे: ज्या पक्ष्यावर नेमच धरला नाहीं, त्याला मारण्याचा अधिकार शिकाऱ्यास कोणी दिला?

पक्ष्यांच्या शिकारीच्या काडतुसांत दोनशेंच्या आगेमागे छरे असतात. पक्ष्याला लागतात ते थोडे. बाकीचे दलदलींत पडून राहतात. बदकाला दांत नाहींत; तें बारीक खडे गिळतें व पोटांतल्या जात्यांत त्यांच्या साह्यानें दाणे भरडतें. खडा समजून शिशाचा छरा गिळला, कीं तो झिजून, आम्लांत विरघळून रक्तांत भिनतो. पंख लोंबतात, अन्न पुढें सरकत नाहीं, आणि भरल्या तळ्यांत बदक उपाशी मरतें. अमेरिकेंत ग्रिनेल यांनीं ही विषबाधा १८९४ सालींच छापून सांगितली; उत्तर अमेरिकेंतील पाणपक्ष्यांपैकीं शेंकडा दोन-तीन दरवर्षीं अशा रीतीनें मरतात, असा अंदाज १९५९ सालीं बेलरोज यांनीं बांधला. पाणपक्ष्यांच्या शिकारींतून तेथें शिसें देशभर हद्दपार होण्यास मात्र १९९१ साल उजाडलें!

आतां सबबी पाहूं. पोलाद हलकें, त्याचा मार कमी? मग छरा थोडा मोठा घ्यावा व बार जवळून टाकावा. जुन्या बंदुकीची नळी बिघडेल? तिच्यासाठीं बिस्मथ आहे. तें महाग पडतें? शौकाचा खर्च शौकिनानें सोसावा. तो तळ्यांतल्या बदकावर कां लादावा? डेन्मार्कनें १९९६ सालीं शिशाचा छरा सर्वस्वीं बंद केला. म्हणून तेथील शिकारी बंदुका टाकून संन्यासी झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

राहिली शेवटची सबब: 'समजुतीनें होऊं द्या, सक्ती नको.' असें म्हणणारांनीं इंग्लंडकडे पाहावें. बदकांच्या शिकारीपुरता कायदा तेथें १९९९ सालीं झाला. पुढें बाजारांतलीं बदकें तपासलीं, तों शेंकडा सत्तरांच्या आसपास शिशानेंच मारलेलीं! २०२० सालीं ब्रिटनमधील शिकाऱ्यांच्या संस्थांनीं पांच वर्षांत शिसें आपण होऊन सोडण्याचें वचन दिलें. मुदत सरत आली तरी फेझंट पक्ष्यांत सांपडणारा छरा जवळजवळ सर्वत्र शिशाचाच होता. अखेर जुलै २०२५ मध्यें सरकारलाच तीन वर्षांच्या मुदतीनें बंदी जाहीर करावी लागली.

दलदलींत प्रत्येक बंदुकीमागें शिपाई उभा करतां येत नाहीं. तेव्हां कायद्यानें पहारा करावयाचा तो दुकानाच्या दारीं. जें काडतूस विकतच मिळत नाहीं, तें तळ्यांत पडणार कोठून?