बारा चॅनेल नि एक आवाज

परवा मेसच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. ‘हॉस्टेल म्युझिक ग्रुपसाठी ऑडिओ मिक्सर घ्यायचा आहे. १२ चॅनेल, इफेक्ट्ससहित. प्रत्येकी २०० रुपये वर्गणी शुक्रवारपर्यंत जमा करावी.’ त्याखाली कोणीतरी पेनने लिहून ठेवलं होतं, ‘आधी मेसला एक मिक्सर घ्या, चटणीत अख्ख्या मिरच्या येतात!’

हसून झालं, पण मी वर्गणी काही दिली नाही. रूम पार्टनरने ‘कंजूस’ म्हणून जाहीर करून टाकलं. मित्रांनो, २०० रुपये मला जड आहेत असं नाही. (म्हणजे महिनाअखेरीला जडच असतात, पण तो मुद्दा नाही.) मुद्दा असा की बारा चॅनेलचा, इफेक्ट्सवाला मिक्सर एकदा आमच्या घरी आला होता. त्यात मी जे घालवलं ते कितीही वर्गणी काढली तरी परत येणार नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

माझं गाव चारठाणा. परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. यादवकाळातली जुनी मंदिरं आणि दगडी पायऱ्यांची बारव ह्यासाठी जाणकार लोक आमच्याकडे येतात. आम्ही मात्र त्या दगडांवर बसून शेंगा खात मोठे झालो. माझे आजोबा भजनी मंडळात म्हणायचे. दर एकादशीला आमच्या ओसरीवर मंडळ जमायचं. एक हार्मोनियम, एक पखवाज, पाच-सहा जणांच्या हातात टाळ आणि मधे आजोबांचा आवाज. माईक नसतानाही तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ठरलं की आजोबांचं भजन रेकॉर्ड करून ठेवायचं. बाबांनी उत्साहाने मिक्सर आणला, तोही बारा चॅनेलचा. ‘पुढे मंडळाला पण कामाला येईल’ हे कारण. मॅन्युअल सगळं इंग्रजीत. काका म्हणाले, “ह्याला द्या, हा कॉन्व्हेंटचा आहे.” झालं! मी इंजिनिअर व्हायच्या आधीच साऊंड इंजिनिअर झालो. मॅन्युअल मी घडाघडा वाचलं. पण इंग्रजी वाचता येणं वेगळं आणि मिक्सर समजणं वेगळं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही.

चार माईक लावले. एक आजोबांना, एक पेटीला, एक पखवाजाला आणि एक टाळकऱ्यांच्या मधे. इफेक्टचं बटण फिरवलं तर आवाज असा घुमला की सगळे म्हणाले, “वा! अगदी कॅसेटसारखं!” मी बटण आणखी थोडं फिरवलं. यूएसबीची वायर लॅपटॉपला लावून दोन तास रेकॉर्डिंग केलं.

रात्री जेवणं झाल्यावर आजोबांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “चांगलं झालंय. पण मी काय बारवेत बसून गायलो का रे?”

सगळे हसले. मी पण हसलो. म्हटलं, “आजोबा, काळजी करू नका, कॉम्प्युटरवर काढून टाकतो.”

लॅपटॉप उघडला आणि पाहतो तर चार माईकच्या चार फाइल्स नाहीतच. एकच फाईल, डावी बाजू आणि उजवी बाजू. तिच्यात आजोबा, पेटी, पखवाज, टाळ आणि तो घुमणारा आवाज, सगळं एकजीव. डाळ-तांदूळ एकदा शिजून खिचडी झाली की निवडत बसता येत नाही, तसं! आजोबा म्हणाले, “राहू दे, कार्तिकीला पुन्हा करू.” कार्तिकीला माझी सबमिशन्स होती. पुढे थंडीत त्यांचा दम वाढला आणि शिवरात्रीच्या आधी ते गेले.

आता कोणी म्हणेल, हल्ली एआयची सॉफ्टवेअर्स गाण्यातून आवाज वेगळा काढून देतात की! देतात, मी पण वापरून पाहिलं. पखवाज बऱ्यापैकी निघाला. पण टाळांचा झणत्कार आणि आजोबांचा वरचा स्वर एकमेकांत इतके गुंतलेत की टाळ काढले की आवाजाची धार पण जाते. घुमणं तर राहतंच. जे उरतं ते पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. ते आजोबा आहेत हे मला कळतं. ज्यांनी त्यांना ऐकलं नाही त्यांना कळणार नाही.

असो. तर ह्या सगळ्यातून मला जे कळलं ते एका वाक्यात सांगतो. मिक्सर हे एकत्र करणारं यंत्र आहे. म्हणून तो निवडताना किती गोष्टी एकत्र करता येतात ह्यापेक्षा नंतर किती गोष्टी वेगळ्या राहतात ते बघा. बाकीचे सगळे मुद्दे त्यानंतरचे.

आता जरा खोक्यावर काय लिहिलेलं असतं त्याकडे वळू.

पहिली गोष्ट, ‘चॅनेल’ हा शब्द. दहा चॅनेल म्हणजे दहा माईक, असा आपला समज असतो. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या. नावात १० आहे, पण माईक लागतात चार. बाकीचे सहा म्हणजे कीबोर्ड वगैरेसाठी तीन स्टीरिओ जोड्या. बेहरिंगरच्या क्यू८०२यूएसबीच्या नावात ८ आहे, माईक दोन. कंपनी खोटं बोलत नाही, आपण नीट मोजत नाही. माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. त्याला हजारपट वाढवायचं म्हणजे ६० डीबीचा चांगला प्रीअ‍ॅम्प लागतो आणि पैसे त्याचे असतात. म्हणून दुकानात गेलात की चॅनेल मोजू नका, तीन पिनांची एक्सएलआर भोकं मोजा.

दुसरी गोष्ट, यूएसबी. माझा घात इथेच झाला. स्वस्तातल्या बहुतेक छोट्या मिक्सरमधून यूएसबीने कॉम्प्युटरकडे फक्त दोन ट्रॅक जातात, डावा आणि उजवा. वर उल्लेख केलेला यामाहा चांगलाच आहे, पण त्यातूनही दोनच जातात. प्रत्येक माईक वेगळा रेकॉर्ड करणारे मिक्सर पण मिळतात. उदाहरणार्थ झूमचा लाईव्हट्रॅक एल-८. तो सहा माईक घेतो आणि प्रत्येक चॅनेल एसडी कार्डावर स्वतंत्र उतरवतो. पण त्याची किंमत ऐकून आपली वर्गणी रडायला लागेल.

मग काय करायचं? एक साधी युक्ती आहे. दोनच माईक लावा. एकाचं पॅनचं बटण पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचं पूर्ण उजवीकडे आणि इफेक्ट बंद. झालं, दोन ट्रॅकच्या यूएसबीतून दोन स्वतंत्र आवाज मिळाले! एकात गाणारा, दुसऱ्यात बाकीचे सगळे. खरं सांगायचं तर हे त्या दिवशी आमच्या बारा चॅनेलवाल्यावरही करता आलं असतं. तेव्हा दोष मिक्सरचा नव्हता, माझा होता. बारा चॅनेल होते म्हणून मी चार माईक लावले आणि इफेक्टचं बटण होतं म्हणून फिरवलं. समोर बटण असलं की हात जातोच.

तिसरी गोष्ट, इफेक्ट्स. प्रॅक्टिसला, स्टेजवर मजा येते, नाही कोण म्हणतो! पण रेकॉर्डिंग कोरडंच करा. घुमवणं नंतर कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत होतं. घुमलेलं कोरडं करणं मात्र मला आजतागायत जमलेलं नाही.

चौथी गोष्ट मॅन्युअलमध्ये नसते, ती म्हणजे लाईट! चारठाण्यात (आणि हॉस्टेलमध्येही) लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एमजी१०एक्सयूसारखे मिक्सर स्वतःच्या अ‍ॅडाप्टरवर चालतात. लाईट गेली की भजन चालू आणि रेकॉर्डिंग बंद. याउलट दोन माईकचे छोटे ऑडिओ इंटरफेस, फोकसराईटच्या स्कार्लेट २आय२सारखे, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतात. लॅपटॉपची बॅटरी आहे तोपर्यंत काळजी नाही. शिवाय चार्जर लावल्यावर हेडफोनमध्ये जो ‘हुंऽऽ’ आवाज येतो तो पुष्कळदा अर्थिंगच्या लूपचा असतो. चार्जर काढला की बहुतेक वेळा तोही जातो. इलेक्ट्रिकलवाले मित्र ह्यावर सेमिनार देऊ शकतील.

पाचवी गोष्ट, माईक. कंडेन्सर माईकला मिक्सरमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते. तो फार बारीक ऐकतो. गाणं ऐकतो तसाच पंखा, कोंबडा आणि शेजारच्या खोलीतली भांडणंही. आपल्यासारख्या ठिकाणी साधा डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरलेला बरा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डीबीने उतरतो, हे आपण शिकलोच आहोत. म्हणजे माईक गाणाऱ्याच्या जवळ आणि टाळ लांब ठेवले की निम्मं मिक्सिंग बसण्याच्या जागेनेच होतं, फुकटात.

“मग मिक्सर घ्यायचाच कशाला? सगळ्यांनी इंटरफेसच घ्या की!” असं मी म्हणणार, असं वाटलं ना? नाही. घरी एकट्याने गाणं किंवा गिटार रेकॉर्ड करायची असेल तर दोन माईकचा इंटरफेस पुष्कळ झाला. पण हॉस्टेलचं काम वेगळं आहे. आपल्याला कॉमन रूममध्ये रोज संध्याकाळी प्रॅक्टिस करायची असते. एक कीबोर्ड, एक गिटार, दोन गाणारे, मोबाईलवरचा कराओके ट्रॅक. त्यासाठी दर वेळी कोणाचा तरी लॅपटॉप मागत फिरणं बरोबर नाही. मिक्सरचं बटण दाबलं की सुरू. शिवाय मिक्सरमधून स्वतःचा आवाज लगेच ऐकू येतो. लॅपटॉपमधून फिरून आला तर थोडा उशिराने येतो. १० मिलिसेकंद उशीर म्हणजे स्पीकर साधारण साडेतीन मीटर मागे सरकवल्यासारखं. उशीर ह्याच्या दुप्पट-तिप्पट झाला की गाणारा तालात मागे पडायला लागतो. ह्या बाबतीत मिक्सरला तोड नाही.

म्हणून म्युझिक ग्रुपला माझं म्हणणं असं. मिक्सर घ्या, पण बारा चॅनेलचा नको. चार माईकचा, प्रत्येक माईकला पॅनचं बटण असलेला, फँटम पॉवर आणि यूएसबीवाला छोटा मिक्सर घ्या. जे पैसे वाचतील त्यात दोन चांगले डायनॅमिक माईक, दोन स्टँड, चांगल्या वायरी आणि कान झाकणारे हेडफोन येतील. आपली प्रॅक्टिस बंद पडते ती चॅनेल कमी आहेत म्हणून नाही, तुटक्या वायरीमुळे पडते. आठवा मागचं गॅदरिंग!

“चार माईकमध्ये काय होतं?” असं विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्या अमेरिकन गायकाने १९८२ च्या जानेवारीत आपल्या घरी, कॅसेटवर चार ट्रॅक घेणाऱ्या एका छोट्या यंत्रावर काही गाणी रेकॉर्ड केली. ती नुसती नमुन्यादाखल होती. नंतर स्टुडिओत पूर्ण बँड घेऊन तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण घरातल्या कॅसेटची मजा काही येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला. चार ट्रॅक! आणि आपण बारासाठी अडून बसलोय.

आता शेवटचं सांगतो. ह्या उन्हाळ्यात मी पुन्हा ओसरीवर बसलो. आजोबांच्या जोडीचे एक काका आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांना गायला बसवलं. मिक्सर तोच, बारा चॅनेलचा. पण दहा चॅनेल बंद. काकांचा माईक डावीकडे, पेटी-पखवाजाचा उजवीकडे आणि टाळकरी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला. गेन इतकाच ठेवला की लाल दिवा एकदाही लागू नये, कारण कॉम्प्युटरमध्ये फाटलेला आवाज शिवता येत नाही. इफेक्टच्या बटणाला तर हातच लावला नाही.

ऐकून झाल्यावर काका जरा नाराज दिसले. म्हणाले, “आजोबांचा आवाज कसा घुमला होता. माझा का नाही रे घुमत?”

मी कॉम्प्युटरवर घुमवून दाखवला. ते खूश झाले. थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाले, “नको, आधीचंच बरं होतं.” मी काढून टाकला. आधीचं होतं तसंच शाबूत होतं. मला वाटतं, चांगला मिक्सर म्हणजे एवढंच.

तर ग्रुपच्या मंडळींनो, माझे २०० रुपये तयार आहेत. शुक्रवारपर्यंत यादी तेवढी बदला. आणि मेसच्या मिक्सरसाठी वेगळी वर्गणी काढलीत तर त्यातही मी आहे!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स