उधारीची वसुली : कागद आधी, कोर्ट नंतर

निफाड तालुक्यात द्राक्षाचा हंगाम उतरला की थकलेल्या पैशांची कुरकुर सुरू होते. परप्रांतातला व्यापारी बागेत येतो, पहिल्या दोन-तीन गाड्यांचे पैसे रोख देतो, विश्वास बसला की पुढचा माल उधारीवर उचलतो आणि एके दिवशी त्याचा फोन बंद होतो. यात बागायतदार तर बुडतोच, पण क्रेटवाला, टेम्पोवाला, औषधांचा दुकानदार यांची उधारीही त्याच पैशावर टांगलेली असते. त्यांत आमचे छोटे व्यापारी बांधवही आलेच.

२०२० साली नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि अनेक शेतकऱ्यांचे पैसे परत मिळाले. काम मोठेच झाले. परंतु एखाद्या अधिकाऱ्याच्या धडाडीच्या भरवशावर दरवर्षी धंदा करता येत नाही. शिवाय प्रत्येक थकबाकी फसवणूक ठरत नाही. सुरुवातीपासून बुडवण्याचा हेतू दिसला नाही, तर पोलीस ही दिवाणी बाब म्हणून परत पाठवतात.

आमच्या मते वसुलीची तयारी माल गाडीत भरतानाच करावी लागते. २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्याची आवाराबाहेरील खरेदी बाजार समितीच्या नियंत्रणातून मुक्त झाली. आवारात परवानाधारक खरेदीदाराविरुद्ध निदान समितीकडे जाता येते, बागेतल्या सौद्याला तो आधार नाही. म्हणून वजन, भाव, पैसे देण्याची तारीख आणि खरेदीदाराची सही, एवढे तरी कागदावर हवेच. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरात आहे हे आपल्याला ठाऊक असते, तरी ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला आपण लाजतो!

चेक घेतला असेल तर तारखा सांभाळाव्यात. चेक त्यावरील तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत टाकावा. न वटता परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळूनही १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढील एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे व्यापाऱ्याच्या बँकेच्या गावी खेटे घालण्याची पाळी आली होती. २०१५ च्या दुरुस्तीने, चेक आपल्या खात्यात भरला असेल तर ते खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात तक्रार करता येते. खाते निफाडला असेल तर केस निफाडला, मग व्यापारी कोलकात्याचा का असेना.

चेक नसेल तर दिवाणी दावा. त्याची मुदत साधारणपणे ३ वर्षे, आणि ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकण्यात ती कधी सरते ते कळत नाही. मुदतीच्या आतच बाकी कबूल असल्याचे लिहून सही घ्यावी, म्हणजे त्या दिवसापासून पुन्हा ३ वर्षे मिळतात. टक्केवारीवर वसुली करून देणाऱ्या दांडग्यांच्या नादी मात्र कोणी लागू नये. त्यात देणेकरी फिर्यादी होतो आणि आपण आरोपी.

गारपिटीने झोपलेला देणेकरी वेगळा आणि पैसे दाबून बसलेला वेगळा. पहिल्याला हप्ते बांधून द्यावेत, तेही लेखी. अशी तडजोड लोकअदालतीत करून घेतल्यास कोर्ट फी लागत नाही, आधी भरलेली परत मिळते. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील नाही.