दुकानाचा कॉम्प्युटर कुणाच्या पसंतीनं?



आज लोणचं नाही आणि व्रतकथाही नाही. आज कॉम्प्युटरविषयी लिहिणार आहे, आणि थोडं रागानंच लिहिणार आहे.

आपल्या समाजात दुकानाचे, पेढीचे हिशेब आता कितीतरी घरांत सुनाच सांभाळतात. सकाळी देवदर्शन, मग डबे, मग अकरा वाजता गल्ल्यामागच्या त्या छोट्या टेबलाशी बसायचं. बिलं करायची, खरेदी चढवायची, उधारी काढायची. पण नवा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली की विचारलं कुणाला जातं? पुण्याच्या भाच्याला. जावईबापूंना. नाहीतर मोबाईल दुरुस्तीवाल्याला. जी रोज पाच-सहा तास त्याच्यासमोर बसणार, तिला फार तर विचारतात, "रंग काळा चालेल ना?"

माझं म्हणणं सरळ आहे. जी वापरते तिनंच निवडावा, आणि कामाकडे बघून निवडावा. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. कुकर घेताना आपण काही कारखान्यात शिकून येत नाही. माणसं किती, गॅस की इंडक्शन, रबर आणि शिट्टी गावात मिळते का, एवढंच बघतो आणि तो कुकर वीस वर्षं चालवतो.

तर आधी काम बघू. मी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. लग्न होऊन गडहिंग्लजला आले तेव्हा रोजकीर्द आणि खतावणी लाल बांधणीच्या वह्यांत हातानं लिहिली जायची. आता टॅली आहे. त्याशिवाय एक्सेलचा एखादा तक्ता, जीएसटीचं पोर्टल, बँकेचं खातं, व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरी, बिलाची छपाई आणि वर्षाकाठी सीएंकडे पाठवायचे कागद. झालं. किराणा-भुसार दुकान असो, कापडाचं असो की मंदिराच्या ट्रस्टचा हिशेब असो, यातलं एकही काम जड नाही. व्हिडिओ जोडणाऱ्याला आणि गेम खेळणाऱ्या पोरांना जी ताकद लागते ती टॅलीला लागत नाही. म्हणून "वहिनी, पुढच्या दहा वर्षांचा विचार करा, मोठाच घ्या" असं कुणी म्हणालं, की तो मोठा कॉम्प्युटर नक्की कुणाला हवाय ते बघा. दुकानाच्या खर्चात धाकट्याचा गेमिंगचा हट्ट पुरवलेली दोन घरं मला माहीत आहेत.

आता त्या 'आय-सेव्हन'विषयी. ओळखीतल्या एका वहिनींच्या दुकानात स्वस्तात आय-सेव्हन मिळाला म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते. मी उघडून बघितला. प्रोसेसर होता आय७-२६००. हा बाजारात आला २०११ च्या जानेवारीत! विकणाऱ्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आय-सेव्हन होताच तो. फक्त त्याचं वय कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

आय३, आय५, आय७ ही घराण्याची नावं आहेत. वय वेगळं विचारायचं असतं, आणि ते पुढच्या आकड्यात असतं. आय५-८५०० असेल तर आठवी पिढी. आय३-१२१०० असेल तर बारावी पिढी. आकडा चारअंकी असेल तर त्याचा पहिला अंक बघा, पाचअंकी असेल तर पहिले दोन. एवढं कळलं की निम्मी फसवणूक तिथंच थांबते. २०२२ साली आलेला साधा आय३-१२१०० त्या २०११ च्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. बघायचं कुठं? 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टीम', त्यात 'अबाउट'. पहिल्याच काही ओळींत प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं. दुकानदाराच्या तोंडावर विसंबायचं कारण नाही.

आठवी पिढी का, तेही सांगते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीचा रायझन असेल तर साधारण २००० च्या मालिकेपासून. त्याआधीची यंत्रं आता ऑफिसांतून निघून बाजारात येतात आणि स्वस्त मिळतात. काहीजण खटपट करून त्यांवरही अकरा घालून देतात, पण त्याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्टच घेत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचं खातं उघडायचं, त्यावर असला प्रयोग नको.

आपल्या धर्मात अचौर्याचे अतिचार सांगितलेत. त्यात तदाहृतादान आहे, म्हणजे दुसऱ्यानं चोरून आणलेलं आपण घेणं, आणि प्रतिरूपक व्यवहारही आहे, म्हणजे अस्सल सांगून नक्कल खपवणं. पाठशाळेत आपण हे मुलांकडून पाठ करून घेतो. आणि दुकानात "विंडोज डुप्लिकेट टाकून देतो, पैसे वाचतील" म्हटलं की मान हलवतो! ते तदाहृतादानच झालं की. व्यवहारानं बघितलं तरी तोटाच आहे, कारण असल्या फुकट सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस घरात येतो. खरोखर फुकट आणि सरळ मार्गाचं हवं असेल तर लिबरऑफिस आहे. पत्रं, तक्ते सगळं होतं, मेनूही मराठीत करता येतात. टॅलीसाठी मात्र विंडोज लागतं, तेव्हा ते परवान्याचं घ्या. 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲक्टिव्हेशन' असं लिहिलेलं असतं, तेही दुकानातच बघून घ्या.

मग पैसा कशावर घालायचा? एसएसडीवर. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा कॉम्प्युटर चालू करून बाई भाजी निवडायला बसते, हे मी विनोदानं लिहीत नाही. एसएसडी असेल तर बहुतेक अर्ध्या मिनिटाच्या आत काम सुरू होतं. २५६ जीबीची पुरते. रॅम आठ जीबी, त्याहून कमी नको. यात वेळेचाही प्रश्न आहे. अकरा तारखेला जीएसटीआर-१, वीस तारखेला ३बी. त्या दिवशी पोर्टलवरही गर्दी. आपल्याला सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची असतात. भाद्रपदात दशलक्षण पर्व आणि वीस तारीख जवळजवळ आली, की हळू चालणारा कॉम्प्युटर म्हणजे काय हे ज्या सुनेनं भोगलंय तिलाच विचारा. तिचा अर्धा तास वाया गेला तर त्याची नोंद कुठल्याच कीर्दीत होत नाही.

आता माझा खरा मुद्दा. लॅपटॉप नको, डेस्कटॉप घ्या.

मला माहीत आहे, इथं पुष्कळजणी नाक मुरडतील. लॅपटॉप सुटसुटीत, दिसायला छान, पलंगावर बसूनही काम होतं. नेमकं तेच मला नको आहे. लॅपटॉप आला की सुनेचं टेबल जातं. मग ती स्वयंपाक उरकून, पाय दुमडून, मान खाली घालून पलंगावर एंट्र्या मारत बसते, आणि सगळ्यांना वाटतं ती आराम करतेय. शिवाय घरातला लॅपटॉप कुणा एकाचा राहत नाही. मुलाला प्रोजेक्टला हवा, नणंदेला गाव दाखवायला हवा, सुट्टी संपली की तो पुण्याला जातो आणि हिशेब इथं अडून राहतो. डेस्कटॉप उचलून कुणी नेत नाही. टेबल, खुर्ची, वर पंखा आणि बाजूला फायली. ते तिचं कामाचं ठिकाण आहे हे घरातल्या लहान पोरालाही कळतं.

त्यात आकड्यांच्या कळा. कीबोर्डच्या उजव्या हाताला जो वेगळा आकड्यांचा चौकोन असतो, तो चौदा इंची लॅपटॉपवर बहुतेक नसतोच. दिवसाला दीडशे आकडे भरणारीचा उजवा हात त्या चौकोनावर न बघता चालतो. तो काढून घेणं म्हणजे पोळ्या करणारीचं पोळपाट काढून घेणं. आणि पडदा बावीस इंची, डोळ्यांच्या उंचीला. चाळिशीनंतरच्या चष्म्याला लॅपटॉपची अक्षरं मानवत नाहीत, मान वर-खाली करून दुखते. शिवाय डेस्कटॉपचा कीबोर्ड बिघडला तर फक्त कीबोर्ड बदलायचा. लॅपटॉपचा बिघडला तर सगळा उघडावा लागतो.

डेस्कटॉपला यूपीएस मात्र हवाच. आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पाच-दहा मिनिटं देतो, तेवढ्यात एंट्री जतन करून यंत्र नीट बंद करता येतं.

नवा की जुना? माझं मत, बिलासकट आणि हमीसकट मिळत असेल तर कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला आठव्या-नवव्या पिढीचा डेस्कटॉप घ्यायला काही हरकत नाही. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर, हे मुळात दिवसभर ऑफिसात चालण्यासाठीच बांधलेले असतात. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सगळेच एकदम बदलतात म्हणून ते बाजारात येतात. चांगलं चालणारं यंत्र भंगारात न जाता कुणाच्या तरी उपयोगी पडतं. परिग्रह मोजून ठेवणाऱ्या घराला हे जास्त शोभतं. "जुना घेतला, लोक काय म्हणतील?" लोक टॅलीत येऊन बघत नाहीत.

पण स्वस्त म्हणजे काहीही नव्हे. आठवतो का आकाश टॅबलेट? ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत केवढ्या थाटात आला होता. जगातला सर्वांत स्वस्त म्हणून वर्तमानपत्रं भरली होती. आत २५६ एमबी रॅम आणि ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. त्याच्यावर कुणाचा अभ्यास झाला? किंमत आधी ठरवली आणि काम नंतर बघितलं, की असंच होतं.

बिलाशिवाय तर घेऊच नका, मग तो नवा असो की जुना. "बिल नको तर दोन हजार कमी" हे गणित दुकानदाराच्या फायद्याचं आहे. ४०,००० च्या कॉम्प्युटरवर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये जीएसटी होतो. बिलावर आपल्या दुकानाचा जीएसटी नंबर असेल आणि दुकान कंपोझिशनमध्ये नसेल, तर ते ७,२०० इनपुट क्रेडिट म्हणून परत वळते होतात. दोन हजार वाचवून सात हजार घालवले, आणि हमीही गेली. जुना घेताना एक बघा. काही विक्रेते फक्त आपल्या नफ्यावर कर भरतात, त्यांच्या बिलात कर वेगळा दाखवलेला नसतो आणि मग क्रेडिट मिळत नाही. भावाची तुलना करताना हे धरा. शिवाय आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा आहे, तो सीएंना विचारून घ्या. हे सगळं आपण कॉलेजात शिकलो होतो मैत्रिणींनो, दुसऱ्यांच्या ताळेबंदासाठी!

हमीविषयी एकच प्रश्न विचारायचा. "४१६५०२ ला माणूस येणार का, की यंत्र घेऊन मी कोल्हापूरला जायचं?" कोल्हापूरला जाऊन-येऊन दिवस जातो. ऑनलाइन हजार-दीड हजार स्वस्त मिळालं, आणि दुरुस्तीला दोनदा एस.टी.नं न्यावं लागलं, तर ते स्वस्त कुठं राहिलं? थोडं जास्त गेलं तरी गावातला, ओळखीचा, दुरुस्ती स्वतः करणारा दुकानदार मी पसंत करीन.

"बायकांना यातलं काय कळतं" म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स आला तेव्हापासून आपल्या तालुक्यातल्या कितीतरी मुलींनी तो केला. आता गावोगावच्या विकास सेवा संस्थांचं दप्तरही कॉम्प्युटरवर येतंय. केंद्रानं जून २०२२ मध्ये ६३,००० संस्थांसाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. तिथल्या टेबलाशी बसून काम करायला आपल्या लेकी-सुना शिकलेल्या आहेत. यंत्र निवडायला मात्र त्या शिकलेल्या नाहीत, असं कसं?

तेव्हा खरेदीला स्वतः जा. 'हे' बरोबर येऊ देत, पैसे देऊ देत. तुम्ही टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन जा. दुकानात तसं सांगून, बसायला खुर्ची मागून घ्या, उभ्यानं बघू नका. यंत्र बंद करून पुन्हा चालू करा आणि मनात णमोकार मंत्र म्हणत किती वेळ लागतो ते बघा. 'अबाउट' उघडा. टॅली असेल तर आपला डेटा घालून दहा एंट्र्या मारा, नाहीतर एक्सेलमध्ये आकड्यांचा एक रकाना भरा. कळा खटखटीत आहेत का, पडद्यावरची अक्षरं चष्म्यातून सरळ दिसतात का, ते बघा. डेटा घातला असेल तर उठताना तो पुसून घ्या. दुकानदार घड्याळाकडे बघायला लागला तर बघू दे.