दृष्टिदान : मृत्यूनंतरही चालणारा सदका

रमजान आला की घराघरांत हिशेब सुरू होतो. वर्षभराच्या बचतीवर जकात किती निघते, घरात माणसे किती, फितरा किती द्यायचा, सदका कोणाच्या दारी पोहोचवायचा, याची चर्चा इफ्तारनंतर रंगते. फितरा तर ईदच्या नमाजाआधीच द्यायचा असतो. हा महिनाच देण्याचा आहे. मात्र माणसाजवळ एक ठेव अशी आहे, की ती कोणत्याच हिशेबात येत नाही, वारसांच्या वाटणीत येत नाही आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर मातीत जाते. ती ठेव म्हणजे डोळे.

पूर्णा तालुक्यातील गावांत ‘डोळ्यात फूल पडले’ असे आजही म्हणतात. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. काढणीच्या वेळी ज्वारीचे धाट डोळ्याला लागते, उसाचे पान कापून जाते, जखमेत बुरशी वाढते आणि पडदा पांढरा होतो. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या हातात फुटते आणि क्षणात डोळा भाजतो. अशा वेळी आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा.

मोतीबिंदू प्रामुख्याने उतारवयात येतो. कॉर्नियाचे अंधत्व मात्र कामाच्या वयातल्या माणसाला गाठते. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण हेच आढळले, प्रमाण ३७.५ टक्के. एक जण अंध झाला, की दुसऱ्याला त्याचा हात धरावा लागतो. दोघांची मजुरी बुडते, एखाद्या मुलीची शाळा सुटते. मोतीबिंदूनंतर बसवायची लेन्स कारखान्यात तयार होते. कॉर्नियासाठी मात्र आजही बहुतांशी दुसऱ्या माणसाकडेच पाहावे लागते.

जगातील पहिले यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी झाले. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स या गावी डॉ. एदुआर्द झिर्म यांनी ते केले. रुग्ण होता अलोइस ग्लोगार नावाचा मजूर. त्याचे दोन्ही डोळे चुन्यानेच भाजले होते. अकरा वर्षांच्या एका मुलाचा जखमी डोळा काढावा लागला होता, त्याचा कॉर्निया ग्लोगारला बसवण्यात आला. एका डोळ्याने त्याला दिसू लागले आणि तो पुन्हा कामाला लागला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो मजूर आणि चुन्याने डोळा भाजलेले आपल्या गावचे लेकरू यांचे दुःख एकच आहे.

पूर्णा जंक्शनवरून थेट रेल्वेने जाता येणाऱ्या हैदराबादेत १९८७ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था सुरू झाली. तिथे आजवर ५० हजारांहून अधिक कॉर्निया प्रत्यारोपणे झाली आहेत. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे साधारणपणे रक्तगटही जुळवावा लागत नाही. पट्टी सुटल्यावर ज्याला आपल्या लेकराचा चेहरा दिसतो, त्याला दात्याचे नाव, जात, धर्म यातले काहीच ठाऊक नसते.

मग मुस्लिम समाजात संकोच का? तो लपवण्याचे कारण नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, माणूस तिचा मालक नाही आणि मय्यतची हुरमत, म्हणजे सन्मान, राखला पाहिजे, असे मानून देवबंदसह भारतातील अनेक मुफ्तींनी अवयवदानाला नकार दिला आहे. दुसरीकडे सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने १९७८ मध्ये कॉर्निया प्रत्यारोपणाला परवानगी दिली. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ मध्ये संमतीची आणि खरेदी-विक्री न करण्याची अट घालून मृत व्यक्तीच्या अवयवदानाला मान्यता दिली. दोन्ही बाजूंना विद्वान आहेत.

पण एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ मध्ये नेत्रदान संस्था उभारली. त्या बौद्धबहुल देशातून गेलेल्या कॉर्नियांनी पाकिस्तान, इजिप्तमधील मुसलमानांना दृष्टी दिली. घेणे चालते, तर देण्याविषयी बोलायलाच हवे. गुजरातेत जन्मलेले आणि कराचीत आयुष्यभर बेवारसांची सेवा केलेले अब्दुल सत्तार एधी ८ जुलै २०१६ रोजी वारले. रमजान नुकताच संपला होता, ईदचे दिवस होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे डोळे दान झाले आणि दोन अंधांना कॉर्निया मिळाले. सदका-ए-जारिया म्हणजे देणारा गेल्यावरही चालू राहणारे दान. विहीर, मदरसा, झाड यांच्या रांगेत याला जागा का नसावी?

संकोच केवळ मुसलमानांतच आहे असे नाही. ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे व्हावे लागते’ ही समजूत हिंदू घरांतही आहे. सगळ्यांचीच खरी अडचण वेळेची असते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत कॉर्निया काढावा लागतो. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि चेहरा विद्रूप होत नाही. दफन लवकर करण्याची रीत आहे, पण गुस्लच्या आधी एवढा वेळ निघू शकतो. चष्मा, मधुमेह किंवा झालेले मोतीबिंदूचे ऑपरेशन आड येत नाही. एड्स, ब किंवा क प्रकारची कावीळ, रेबीज असेल तर मात्र नेत्रदान करता येत नाही.

संकल्पपत्र भरून कपाटात ठेवल्याने कोणालाच दिसू लागत नाही. त्या वेळी नेत्रपेढीला फोन करायचा असतो तो वारसांनी. रडणाऱ्या घरात हा विषय प्रथमच निघाला, तर उत्तर ‘नको’ असेच येणार. म्हणून तो आधी निघाला पाहिजे. रमजानमध्ये सगळे घर एका दस्तरख्वानावर बसते. त्या वेळी वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा बोलून दाखवावी. ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी मोहल्ल्यातील आलिमांना आताच विचारावे, जनाजा समोर असताना नव्हे. आणि ज्या घराचा होकार ठरेल, त्या घराने जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवावा.