तणमोराचा शोध

नरसी नामदेवच्या शिवारांत पक्षी पाहावयास निघणाऱ्या विद्यार्थ्यांस आमचें एक सांगणें आहे. शेजारच्या वाशीम-अकोल्याकडील माळांवर आढळलेला तणमोर २०२१ सालीं जगांतील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला गेला. पावसाळ्यांत नर गवतांतून वारंवार उंच उडी घेतो, म्हणून तो दृष्टीस पडतो. मादी मात्र भुईवरच अंडीं घालून गवतांत लपून बसते. हौसेपोटीं तें गवत तुडविणें म्हणजे ज्यास शोधावयाचें त्याचेंच घर मोडणें होय. म्हणून बांधावरूनच पाहावें, गुराख्यांस विचारावें. पालकांसही आमची विनंती आहे: ज्या माळास आपण पडीक म्हणतों, तो या पक्ष्यांचा संसार आहे. तो सगळाच नांगराखालीं गेला, तर आमच्या मुलांनीं शोधावें तें काय?